शेवटी ऐकायला कोण उरतं? कार्नेगी पदक, 'द बंकर डायरी' आणि आशेची सक्ती

आधी एक सूचना. या पोस्टमध्ये चार-पाच पुस्तकांचे शेवट सांगून टाकले आहेत. विषयच शेवटांचा आहे, त्यामुळे इलाज नाही. ज्यांना ही पुस्तकं कोरी वाचायची आहेत त्यांनी ती आधी वाचावीत आणि मग इकडे यावं. पोस्ट कुठे पळून जात नाही.

२०१४ साली ब्रिटनमधलं कार्नेगी पदक केव्हिन ब्रुक्स यांच्या 'द बंकर डायरी' या कादंबरीला मिळालं आणि लगेच वाद पेटला. लंडनच्या 'टेलिग्राफ'मध्ये लेख आला की असलं पुस्तक मुलांच्या हातात द्यावंसं तरी कुणाला का वाटेल? ब्रुक्स यांनी पदक स्वीकारताना उलट बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं की किशोरवयीन वाचकांना खोट्या आशेच्या दुलईत गुंडाळून ठेवायची गरज नाही, आयुष्यात सगळंच गोड होत नाही हे त्यांना ठाऊक असतं. ही कादंबरी प्रकाशक मिळण्यासाठी जवळपास दहा वर्षं थांबली होती. प्रकाशकांना त्यात थोडी तरी आशा हवी होती आणि लेखक शेवट बदलायला तयार नव्हता.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण पुरस्कारप्राप्त बाल-किशोर कादंबऱ्यांच्या शेवटांवर आहे. त्यातला मुख्य मुद्दा मी इथे, तळटीपांचं ओझं न लादता, मांडणार आहे. तो असा: या वादात दोन्ही बाजू आशा चुकीच्या जागी शोधत होत्या. शेवटी कोण जगलं आणि कोण मेलं, यावर दोघांचीही नजर होती. मला वाटतं की मुलांच्या पुस्तकातली आशा घटनेत कमी असते आणि ऐकणाऱ्यात जास्त असते. म्हणजे गोष्ट संपताना ती ऐकून घेणारं, सोबत घेऊन पुढे जाणारं कुणी गोष्टीच्या आत उरलेलं आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

पदक कोण देतं?

आधी थोडी पार्श्वभूमी. कार्नेगी पदक १९३६ पासून दिलं जातं. पहिला मान आर्थर रॅन्सम यांच्या 'पिजन पोस्ट'चा. हे पदक ग्रंथपालांच्या संघटनेचं आहे आणि निवडही मुलांच्या वाचनाशी रोजचा संबंध असलेले ग्रंथपालच करतात. ते कडकही आहेत: लायक पुस्तक सापडलं नाही म्हणून १९४३, १९४५ आणि १९६६ साली त्यांनी पदक कुणालाच दिलं नाही. निकष साहित्यिक आहेत. कथानक, पात्रचित्रण, शैली वगैरे. पुस्तकात आशा असलीच पाहिजे असं कलम त्यात नाही.

आता अमेरिकेकडे बघा. तिथलं न्यूबरी पदक १९२२ पासून आहे आणि तेही ग्रंथपालच देतात. पण ते चौदा वर्षांपर्यंतच्या वाचकांसाठीच्या पुस्तकाला असतं. किशोरवयीनांच्या पुस्तकांसाठी तिथे २००० सालापासून प्रिंट्झ हा वेगळा पुरस्कार सुरू झाला. कार्नेगीत अशी फाळणी नाही. दहा वर्षांच्या मुलीचं पुस्तक आणि सोळा वर्षांच्या मुलाचं पुस्तक एकाच पदकासाठी झगडतात आणि जिंकणाऱ्याच्या मुखपृष्ठावर सारखाच शिक्का बसतो. दुकानात उभ्या असलेल्या आईबाबांना तो शिक्का दिसतो आणि 'मुलांसाठी सगळ्यात चांगलं' एवढंच कळतं. २०१४ च्या वादाचं निम्मं मूळ इथे आहे. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदाही घडलं नव्हतं. नव्वदच्या दशकात मेल्विन बर्जेस यांच्या 'जंक' या हेरॉइनच्या नादी लागलेल्या मुलांवरच्या कादंबरीला हेच पदक मिळालं, तेव्हाही असाच गदारोळ झाला होता.

या सगळ्या खेळात मूल कुठे आहे? जॅकलिन रोझ यांनी १९८४ साली पीटर पॅनवर लिहिलेल्या पुस्तकात हा प्रश्न फार टोकदारपणे विचारला. लिहिणारे मोठे, छापणारे मोठे, विकत घेणारे मोठे आणि मूल सगळ्यांत शेवटी येणार. मग 'मुलांचं साहित्य' या शब्दातलं मूल हे बहुतेक वेळा मोठ्यांच्या मनातलंच मूल असतं. मारिया निकोलायेवा यांनी पुढे हाच धागा सत्तेच्या भाषेत मांडला: या साहित्यात मोठं माणूस हे प्रमाण असतं आणि मूल त्या मापाने मोजलं जातं. हे डोक्यात ठेवून वाद पुन्हा वाचला की एक गंमत दिसते. 'मुलांना आशा हवी' म्हणणारेही मोठे आणि 'मुलांना सत्य हवं' म्हणणारेही मोठे. दोघंही मुलांच्या वतीने बोलताहेत.

म्हणून मी ठरवलं की मुलांना काय हवं हा प्रश्न जरा बाजूला ठेवायचा आणि पुस्तकं नेमकं काय करतात ते बघायचं.

तीन मृत्यू, तीन शेवट

'ब्रिज टू टेराबिथिया' हे कॅथरीन पॅटर्सन यांचं पुस्तक १९७७ साली आलं आणि १९७८ चं न्यूबरी पदक त्याला मिळालं. पॅटर्सन यांच्या मुलाची एक मैत्रीण वीज पडून गेली होती, त्या दुःखातून हे पुस्तक आलं. जेस आणि लेस्ली ही दोन मुलं ओढ्यापलीकडे एक काल्पनिक राज्य उभारतात. दोराला लटकून झोका घेतला की ओढा पार होतो. एक दिवस जेस शिक्षिकेबरोबर वॉशिंग्टनला संग्रहालय बघायला जातो, लेस्लीला बोलवावं असं त्याच्या मनात येत नाही, आणि त्याच दिवशी दोर तुटून लेस्ली मरते. अमेरिकेतल्या शाळा-ग्रंथालयांतून हे पुस्तक काढून टाका, अशा मागण्या वर्षानुवर्षं होत राहिल्या.

आता शेवट बघा. लेस्ली परत येत नाही. जेसचा अपराधभावही कुणी जादूने पुसत नाही. पण तो फळ्यांचा पूल बांधतो आणि आपल्या धाकट्या बहिणीला, मे बेलला, हाताला धरून त्या राज्यात घेऊन जातो. या बहिणीला तो पुस्तकभर टाळत आलेला असतो. लेस्लीने त्याला जे दिलं ते ऐकून घ्यायला, पुढे खेळायला आता कुणीतरी आहे.

दुसरं पुस्तक पॅट्रिक नेस यांचं 'अ मॉन्स्टर कॉल्स'. कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. त्या २००७ साली कर्करोगाने गेल्या आणि नेस यांनी त्यांच्या कल्पनेवरून कादंबरी लिहिली. २०१२ चं कार्नेगी या कादंबरीला मिळालं आणि तिच्यातल्या चित्रांसाठी जिम के यांना त्याच वर्षी केट ग्रीनअवे पदक मिळालं. तेरा वर्षांच्या कॉनरची आई कर्करोगाने मरणार आहे. रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी एक अजस्र वृक्षराक्षस येतो, तीन गोष्टी सांगतो आणि बजावतो की चौथी तू सांगायचीस. कॉनरची चौथी गोष्ट भयंकर आहे. हे सगळं एकदाचं संपावं असं त्याला वाटत होतं, स्वप्नात तो आईचा हात सोडून देतो. शेवटी आई जाणारच असते आणि जाते. पण त्याआधी ते सत्य ऐकून घेणारा राक्षस असतो आणि आईच्या उशाशी तिचा हात धरून बसायची वेळ कॉनरला मिळते. आशा म्हणाल तर एवढीच.

तिसरं, २०१३ चं पदक मिळालेलं सॅली गार्डनर यांचं 'मॅगट मून'. एका काल्पनिक हुकूमशाही इंग्लंडमध्ये डिस्लेक्सिया असलेला स्टँडिश आपल्या आजोबांबरोबर राहतो. राज्यकर्ते चंद्रावर उतरल्याचं खोटं नाटक रचताहेत आणि हा मुलगा ते उघड्यावर आणायला निघतो. गार्डनर त्याचा मृत्यू सरळ शब्दांत सांगत नाहीत, पण तो वाचणार नाही हे आपल्याला कळतं. त्या शेवटच्या क्षणी तो मनाने हरवलेल्या मित्राकडे, हेक्टरकडे, पोचतो. दोघांनी मिळून रचलेल्या काल्पनिक ग्रहाकडे ते निघतात. म्हणजे इथे मूल स्वतः मरतं, तरी त्याच्या गोष्टीचा जोडीदार त्याच्याबरोबर असतो.

म्हणजे २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं कार्नेगी पदक मृत्यूवरच्या पुस्तकांना गेलं. मॅगट मूनमध्ये तर निवेदक मुलगाच मरतो. तरीही मोठा वाद तिसऱ्याच वर्षी झाला. मृत्यू हे कारण असतं तर तो आधीच व्हायला हवा होता.

रॉबर्टा सीलिंगर ट्राइट्स यांच्या २००० सालच्या पुस्तकातला एक भेद इथे कामाला येतो. त्या म्हणतात, लहान मुलांच्या पुस्तकांत मृत्यू हा आईवडिलांपासून सुटं होण्याचा धडा असतो, तर किशोरवयीनांच्या पुस्तकांत मूल स्वतःच्या मर्त्यपणाशी येऊन थडकतं. भेद पटणारा आहे. पण त्याने माझा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण स्टँडिश आणि 'बंकर डायरी'चा लायनस दोघंही ट्राइट्स यांच्या दुसऱ्याच गटातले. तरी एकाचं पुस्तक सहन होतं आणि दुसऱ्याचं होत नाही. फरक कुठेतरी दुसरीकडे आहे.

आपल्या ओळखीचं एक पुस्तक

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर 'श्यामची आई' आठवा. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, १९३५ साली ते छापून आलं. पुढे आचार्य अत्र्यांनी केलेल्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ते बहुतेकांना माहीत असतं. पण पुस्तकात किती मरण आणि किती दैन्य आहे हे आपण विसरतो. कर्ज वाढत जातं, घराची अब्रू जाते, धाकटा भाऊ जातो आणि शेवटी श्याम शिकायला दूर असताना आई जाते. तिची शेवटची भेट त्याला मिळत नाही. कुठल्याही मापाने हा काही गोड शेवट नाही. तरी मराठी घरांनी हे पुस्तक तीन-चार पिढ्या मुलांच्या हातात बिनघोर दिलं.

का बरं? संस्कार हे एक उत्तर आहेच. पण रचनेकडे बघा. प्रकरणांना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी नावं आहेत. श्याम मोठा झाला आहे, आश्रमात राहतो आहे आणि रोज रात्री मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आहे. अशा बेचाळीस रात्री. मित्र प्रश्न विचारतात, गप्प होतात, रडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतात. म्हणजे दुःखाची गोष्ट सुरू होण्याआधीच पुस्तकाने आपल्याला दोन गोष्टी सांगून ठेवल्या: हा मुलगा यातून पार पडला आणि त्याचं ऐकायला माणसं आहेत. वाचणारं मूल त्या मित्रांच्या ओळीत मांडी घालून बसतं. ते एकटं रडत नाही.

'श्यामची आई'तला रडवेपणा हा टीकेचा जुना विषय आहे आणि त्या टीकेत तथ्यही आहे. मला इथे फक्त एवढंच दाखवायचं आहे की जेसची बहीण, कॉनरचा राक्षस, स्टँडिशचा हेक्टर आणि श्यामचे मित्र हे सगळे एकच काम करतात. ते गोष्टीच्या आतले ऐकणारे आहेत. निवेदनाच्या अभ्यासकांनी, विशेषतः जेराल्ड प्रिन्स यांनी, सत्तरच्या दशकापासून या 'ज्याला सांगितलं जातं त्या'चा वेगळा विचार केला. बालसाहित्याच्या चर्चेत मात्र आपण सांगणाऱ्यावर खूप बोलतो आणि या ऐकणाऱ्यावर फार कमी.

बंकरच्या आत

आता मूळ पुस्तकाकडे येऊ. लायनस सोळा वर्षांचा, श्रीमंत घरातून पळालेला, लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनाच्या आसपास रस्त्यावर राहणारा. एका आंधळ्या वाटणाऱ्या माणसाला सामान गाडीत चढवायला मदत करायला जातो आणि बेशुद्ध होतो. जाग येते ती जमिनीखालच्या काँक्रीटच्या घरात. सहा खोल्या, खिडकी नाही, दार नाही, फक्त वरून खाली येणारी एक लिफ्ट. पलंगाशेजारी एक कोरी वही, पेन आणि बायबल. त्या वहीत तो लिहितो, तीच ही कादंबरी.

मग लिफ्टमधून एकेक माणूस येत जातं. आधी जेनी, नऊ वर्षांची. मग एक सुखवस्तू तरुणी, एक तिरसट नोकरदार, एक धिप्पाड व्यसनी, एक गंभीर आजारी शास्त्रज्ञ. सहा खोल्या, सहा माणसं. वरचा माणूस कधी दिसत नाही. छतात कॅमेरे आणि मायक्रोफोन आहेत. चिठ्ठी लिहून लिफ्टमध्ये ठेवली की तो अन्न पाठवतो. कुणी पळायचा प्रयत्न केला की शिक्षा. भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्याच्या ताब्यात, ते तो हवं तसं पुढे-मागे पळवतो. हळूहळू माणसं एकमेकांवर उलटतात, मरतात. शेवटी लिफ्ट यायची थांबते, दिवे जातात. जेनी लायनसजवळ मरते. तो अंधारात लिहीत राहतो आणि एका ठिकाणी लिखाण तुटतं. तो कोण होता, हे का केलं, काही कळत नाही.

आता माझा प्रश्न इथे लावून बघा. ही वही कोण वाचणार आहे? गोष्टीच्या आत शोधलं तर एकच माणूस सापडतो, तो वरचा. वही त्यानेच ठेवली आहे. बंकर त्याचा आहे आणि तिथे परत येऊ शकणारा तोच एक. लायनसलाही हे कळतं, लिहिताना तो सावध असतो. श्याम मित्रांना सांगत होता. लायनस आपल्या मारेकऱ्याने दिलेल्या वहीत लिहितो आहे.

आणि दुसरा वाचणारा म्हणजे तुम्ही. जरा तुमची जागा बघा. तुम्ही वरून खाली बघताय. सहा माणसं काय करतील याची उत्सुकता तुम्हाला आहे. पान उलटण्यासाठी आणखी काहीतरी घडायला हवं आहे, म्हणजे त्यांच्यावर आणखी काहीतरी गुदरायला हवं आहे. ही वरच्या माणसाची खुर्ची आहे आणि लेखकाने तुम्हाला त्यात बसवलं आहे. चित्तथरारक पुस्तकं आपण सगळेच आवडीने वाचतो, त्यातल्या माणसांच्या हालांवर आपलं मनोरंजन उभं असतं, हे ब्रुक्स फार थंडपणे दाखवतात.

माझ्या मते वाद पेटला त्यामागे हे कारण मोठं आहे. मृत्यू आधीच्या दोन पुस्तकांतही होता. या पुस्तकाने गोष्टीच्या आतला ऐकणारा काढून टाकला आणि वाचणाऱ्या मुलाला एकटं, शिवाय नको त्या जागी बसवलं. टीकाकारांना जो धक्का बसला तो खरा होता, त्यांनी त्याला नाव मात्र 'निराशा' असं ढोबळ दिलं.

मग पदक बरोबर होतं का?

मला वाटतं, होतं. पण ब्रुक्स यांच्या बाजूने जो युक्तिवाद नेहमी केला जातो त्यासाठी नव्हे. 'आयुष्य असंच असतं' हे म्हणणं इथे लागू पडत नाही. आयुष्य असं नसतं. बहुतेकांच्या आयुष्यात अदृश्य माणूस लिफ्टमधून चिठ्ठ्या घेत नाही. बंकर ही प्रयोगशाळा आहे, लेखकाने मुद्दाम हवा काढून घेतलेली काचेची हंडी आहे. त्यामुळे वास्तवाचा दाखला देऊन या पुस्तकाचा बचाव करणं म्हणजे त्याला 'जंक'सारख्या कादंबरीच्या रांगेत उभं करणं. तिथे ते टिकणार नाही.

पुस्तकात खरे दोषही आहेत. सहापैकी निदान दोन मोठी माणसं साच्यातली आहेत. तिरसट नोकरदार आणि आढ्यताखोर तरुणी यांना त्यांच्या तिरसटपणापलीकडे फारसं आयुष्य दिलेलं नाही, त्यामुळे त्यांचं कोसळणं आधीच ठरलेलं वाटतं. आजारी माणूस शहाणा आणि व्यसनी माणूस संकटात उपयोगी, हे उलटसुलट साचेही पाहिलेले आहेत. जेनी जरा जास्तच समजूतदार आहे. नऊ वर्षांचं मूल इतक्या दिवसांत एकदाही असह्य होत नाही, हे पटत नाही. मधल्या भागात शिक्षा आणि सुटकेचे प्रयत्न यांचा क्रम यांत्रिक होतो.

तरीही पुस्तक उभं राहतं ते लायनस आणि जेनी यांच्यातल्या बारीक गोष्टींवर. तो तिला झोप लागेपर्यंत बोलत बसतो. खाण्याचे वाटे नीट करतो. घड्याळ खोटं असतानाही दिवसाला काही आकार राहावा म्हणून धडपडतो. यातलं काहीच सुटकेच्या उपयोगाचं नाही आणि वाचकाला तसं भासवलंही जात नाही. वरच्या माणसाने यांच्याकडून सगळं काढून घेतलं, पण लहान मुलीशी कसं वागायचं हे त्याला ठरवता आलं नाही. शेवटच्या पानांत लायनसचा एकच ऐकणारा होता, ती जेनी, आणि जेनीचा तो. ती गेल्यावर वाक्यं आखूड होत जातात, कारण सांगायला कुणी उरत नाही. म्हणजे माझा निकष या पुस्तकालाच ठाऊक आहे. ऐकणारा काढून घेतला तर काय होतं, हे त्याने उलट्या बाजूने दाखवलं आहे. साहित्यकृती म्हणून हे मोठं काम आहे आणि पदक साहित्यकृतीला होतं.

ऐकणारा बाहेरून आणता येतो

आता तुमच्या मनात येईल की ठीक आहे, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे पुस्तक द्यायचं की नाही? अभ्यासकाने इथे हात झटकू नयेत, म्हणून सांगते.

कार्नेगी पदकाबरोबर ब्रिटनमध्ये 'शॅडोइंग' नावाचा उपक्रम चालतो. शाळा-ग्रंथालयांत मुलांचे गट अंतिम यादीतली सगळी पुस्तकं वाचतात, भांडतात, परीक्षणं लिहितात आणि परीक्षकांचा निकाल लागेपर्यंत आपलं मत बनवतात. हे लक्षात घेतलं तर 'टेलिग्राफ'मधल्या आक्षेपाची एक बाजू लंगडी पडते. त्या आक्षेपातलं मूल एकटं, रात्री दिवा लावून, कुणाशी काही न बोलता वाचतं. गटातलं मूल दुसऱ्या दिवशी जेनीबद्दल कुणाशी तरी बोलतं. शेवट फसवणूक आहे म्हणून चिडायलाही त्याला जागा असते. पुस्तकाने आतला ऐकणारा काढला असेल, तर गट तो बाहेरून पुरवतो. आपल्याकडे 'श्यामची आई' घरात मोठ्याने वाचली जायची, वर्गात वाचली जायची, तेव्हा आतले ऐकणारे आणि बाहेरचे ऐकणारे असे दोन्ही होते. दुहेरी अस्तर.

म्हणून पुस्तक निवडताना शेवट गोड आहे का, हे तपासू नका. तीन गोष्टी बघा. गोष्टीच्या आत कुणी कुणाचं ऐकतं का? वाचणाऱ्या मुलाला पुस्तक कुठल्या जागी बसवतं? आणि पुस्तक मिटल्यावर त्या मुलाचं ऐकायला घरात, शाळेत, ग्रंथालयात कोण आहे? तिसऱ्याचं उत्तर 'कुणी नाही' असं असेल, तर 'बंकर डायरी' मीही देणार नाही. त्यात दोष पुस्तकाचा नसेल.

हे आपल्याला लांबचं नाही. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून मराठीलाही मिळतो आहे. दर वर्षी पुस्तक जाहीर होतं, बातमी येते, सत्कार होतो. पण त्या पुस्तकांभोवती मुलांनी वाचून वाद घालावा अशी सवय आपण लावलेली नाही. मग परीक्षक, प्रकाशक आणि पालक साहजिकच सुरक्षित शेवटाकडे झुकतात, कारण मुलाला पुस्तकाबरोबर एकटं सोडायचं आहे हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. अवघड पुस्तकं मराठीत कमी का, याची कारणं आपण लेखकांच्या धैर्यात शोधतो. थोडी ती आपल्या गावातल्या, शाळेतल्या ग्रंथालयाच्या बंद कपाटातही शोधायला हवीत. शाळेचा एक तास, पुस्तकाच्या पाच प्रती आणि मध्ये न बोलणारं एक मोठं माणूस, एवढ्यावर असा गट सुरू होऊ शकतो.

पुढच्या पोस्टमध्ये न्यूबरी पदकाच्या पुस्तकांतले आजी-आजोबा. ते मरतात फार लवकर, तेव्हा तयारीने या.